दुसऱ्याचं वावर भिंतीवर

जगात अशी एकही विद्या नाही जी मला आठवड्याभरात येणार नाही! ही बढाई नाही, अनुभव आहे. टायपिंग मी असंच शिकलो, पोहणं असंच शिकलो (विहिरीत पडल्यावर माणूस लवकर शिकतो), आणि जळगावला बँकेत चिकटल्यावर साहेबांच्या विनोदाला योग्य जागी हसणं तर पहिल्या चहातच शिकलो. त्यामुळे सत्त्याऐंशी सालच्या थंडीत अभिमननाना पारोळ्याहून आले आणि म्हणाले, "मगन, तुले आते चित्र देखाले शिकनं पडी," तेव्हा मी नुसता हसलो.

"नाना, चित्र बघायला काय शिकायचं? डोळे उघडले की दिसतं!"

"धुळ्याले तुन्हा डोया उघडाच व्हतात ना?" नाना म्हणाले. "मंग काय उजेड पाडा तू?"

धुळ्याचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. वडील गेल्यापासून माझ्या लग्नाचा मक्ता नानांकडे. ते वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी धुळ्याचं स्थळ काढलं. मुलगी प्रमिला, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिचे वडील ती लहान असतानाच वारलेले. तिला आणि तिच्या आईला, म्हणजे सुंदरबाईंना, उखर्डूमामांनी सांभाळलं. मामा कपाशीचे बडे शेतकरी. मिशी अशी की तिच्यावर धुणं वाळत घालावं!

तर पोहे आले. मी विचारायचे प्रश्न मनात घोळवत होतो, तेवढ्यात मुलीनंच मला प्रश्न टाकला! आमच्याकडे असं तोवर कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. भिंतीवर एक चित्र होतं. त्याच्याकडे बोट करून ती म्हणाली, "हे चित्र तुम्हाला कसं वाटतं?"

मी पाहिलं. निळं, पिवळं, जांभळं, सगळं एकमेकांत मिसळलेलं. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी अंगण दिसतं ना, तसं. आता काय बोलावं? पण माणूस मी प्रामाणिक. जेवढं कळलं तेवढंच बोललो.

"फ्रेम मजबूत आहे."

नानांना पोह्यांचा ठसका लागला. प्रमिला मात्र ओठांतल्या ओठांत हसली आणि आत गेली. त्या हसण्यानं माझं काम तमाम झालं. आडपडदा कशाला ठेवू? मला ती आवडली! अशी आवडली की परतीच्या एस.टी.त मी जळगावऐवजी धुळ्याचंच तिकीट मागितलं आणि कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या.

निरोप आला तो दोन अटी घेऊन. पहिली अट मुलीची: "माणूस वाईट वाटत नाही, पण बघूनही बघत नाही. चित्र बघायला शिकला तर विचार करीन." दुसरी अट मामांची: "नोकरी आज शे, सकाय नही. वावर कितलं शे, कसं शे, ते देखाडा."

आणि खरी गोम तिथेच होती. आमचं वावर पारोळ्याला, आणि त्यात दगड सोडून काही येत नाही. दगडांचं पीक मात्र दरवर्षी भरघोस! नानांनी धुळ्याला "शे ना, वावर शे," एवढंच म्हणून विषय पावसापाण्यावर नेला होता.

"वावरनं मी देखी लेसु," नाना आता म्हणाले. "तू चित्रनं देख."

लागलो कामाला! जळगावच्या पुस्तकांच्या दुकानात शाळकरी पोरांच्या गर्दीत उभं राहून मी इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेचं गाइड घेतलं. रद्दीवाल्याकडे एक परदेशी कॅलेंडर सापडलं. त्यातलं एक पान प्रमिलाच्या घरातल्या चित्राच्या जातीचंच होतं, चांगलं हातभर रुंद. फ्रान्समधल्या कुणा चित्रकाराचं. नाव काही वाचता येईना. गाइडमध्ये या जातीला 'दृक्प्रत्ययवादी' म्हटलं होतं. हा शब्द मी बँकेत पहिल्यांदा मोठ्यानं वाचला आणि तोंडातली सुपारी उडून साहेबांच्या फायलीवर पडली.

चित्र फ्रेम करायला टाकलं. दुकानदारानं विचारलं, "साधी लावू का सागवानी?"

"सागवानी!" मी म्हणालो. "फ्रेममधलं आपल्याला कळतं."

मग अभ्यास सुरू. चित्राचा पुढचा भाग तो अग्रभाग, मधला तो मध्यभाग, मागचा तो पार्श्वभाग. लाल-पिवळे रंग उष्ण, निळे-जांभळे शीत. नजर जिथे जाऊन बसते तो केंद्रबिंदू. दोन्ही बाजूंना सारखं वजन असलं की तोल. हे इतकं सोपं निघालं की मी ते दिसेल त्याला लावत सुटलो. आई ताट वाढायची आणि मी म्हणायचो, "आई, शेवभाजी उष्ण, कांदा शीत, पण ताटाला तोल नाही. डाव्या अंगाला एक भाकरी वाढ." बँकेत साहेबांच्या टकलावर खिडकीतला प्रकाश पडला की मला तिथे केंद्रबिंदू दिसायचा आणि नजर हलायची नाही. साहेबांनी शेवटी टोपी घालायला सुरुवात केली.

पंचाईत एकच होती. गाइडमध्ये लिहिलं होतं, असं चित्र जवळून बघू नये. जवळून नुसते रंगांचे फटकारे दिसतात, मागे सरकलं की त्यांचा देखावा होतो. आता आमची बैठकीची खोली ती केवढी! मागे सरकायला लागलं की पाठीला दार लागायचं, दाराबाहेर ओटा, ओट्याखाली गटार. देखावा नेमका गटारातूनच नीट दिसायचा! मी पायजमा वर खोचून तिथे उभा राहायचो आणि उघड्या दारातून घरातली भिंत न्याहाळायचो. समोरच्या वच्छलाबाई आईला म्हणाल्या, "कमलबाई, पोऱ्याले काही बाहेरनं लागनं का?"

पण एक सांगू का? एका दुपारी केळीवाल्याची हातगाडी दारासमोर उभी होती, तिच्याखाली सावली पडली होती, आणि ती सावली काळी नव्हती. जांभळी होती! चित्रात होती तशीच. इतकी वर्षं त्या गल्लीत राहिलो, पण सावलीचा रंग पहिल्यांदा पाहिला. फार बरं वाटलं. लगेच धुळ्याला जाऊन तिला सांगावंसं वाटलं.

धुळ्याला जायची वेळ आली नाही, कारण धुळंच जळगावला आलं. शनिवारी घर बघायला उखर्डूमामा, सुंदरबाई, आणि प्रमिला स्वतः! मुलगी स्वतः घर बघायला येते म्हटल्यावर आख्खी गल्ली ओट्यावर. रिवाजाप्रमाणे बायका आत स्वयंपाकघरात गेल्या, पुरुष बाहेर बैठकीत बसले. आत वांगी भाजल्याचा वास, बाहेर आम्ही तिघं: मामा, नाना आणि मी.

म्हणजे माझी परीक्षा घेणारी बाई भिंतीपलीकडे! मी ठरवलं, बोलायचं मामांशी, पण आवाज फेकायचा स्वयंपाकघरात.

मामांची नजर भिंतीवर गेली. "हाई काय शे?"

"देखावा!" मी खणखणीत आवाजात सुरुवात केली. "अग्रभागी पाणी आहे. शांत, आभाळाचं प्रतिबिंब पोटात घेतलेलं!"

मामा पुढे सरकले. "पाणी बारमाही राहस का?"

हा काय प्रश्न? पण चित्रातलं पाणी आटेल कसं? "बारमाही!" मी ठासून सांगितलं. "आता मध्यभाग. या गवताच्या पिवळ्या गंज्या बघा. हा उष्ण रंग. नजर आधी इथेच जाते!"

"जावावच," मामा म्हणाले. "चारा भरपूर शे."

"बाजूला ही उंच झाडांची रांग. तिच्यामुळे सगळ्याला तोल आलाय!"

"बांधवर निलगिरी," मामांनी मान डोलावली. "वनीकरणवाला देतस."

"आणि पार्श्वभागी डोंगर, शीत रंगात! निळे, जांभळे! आता प्रकाश बघा. प्रकाश येतो डोंगरांच्या मागून, म्हणून सगळ्या सावल्या पुढे, आपल्याकडे पडल्या आहेत!"

हे वाक्य मी इतक्या जोरात म्हणालो की आतलं लाटणं थांबलं. ऐकलं तिनं! मी कृतार्थ होऊन रुमालानं तोंड पुसलं.

मामांनी काचेला नाक लावलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "फोटू काढनारना हात हालना वाटस. पन वावर झकास शे! कोठे शे हाऊ मळा?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तोही डोंगरामागून.

चूक मामांची नव्हती हो! आमच्या खानदेशात भिंतीवर काय असतं? देव असतात, वारलेले आजोबा असतात, आणि आपल्या मळ्याचा, विहिरीचा, नव्या ट्रॅक्टरचा मोठा केलेला फोटो असतो. दुसऱ्याचं शेत कोण कशाला आपल्या घरात टांगेल? शहाण्या माणसाच्या मनात ती शंकाच येणार नाही.

खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. पण नाना माझ्या पायावर पाय देऊन उभे राहिले.

"रावेरले!" नाना म्हणाले. रावेरच का? तर चित्रात डोंगर होते, आणि सातपुड्याशिवाय दुसरा डोंगर नानांनी जन्मात पाहिला नव्हता.

"रावेरले?" मामांच्या मिश्या वर चढल्या. "केळीना पट्टामा? मंग केळी कोठे शे?"

"फोटू जुना शे. केळी नंतर लावी!"

"आनि तुमनाच शे ना?"

"आपलाच! दुसराना कसाले राही?"

मी नानांकडे बघितलं. नाना माझ्या कानाशी लागून म्हणाले, "तू चूप बठ! एकच फ्रेममा दोन्ही अटी बसन्यात!" आणि खरंच, मला वावर दाखवायचं होतं आणि चित्र बघता येतं हेही दाखवायचं होतं. दोन्ही कामं एका खिळ्यावर टांगली गेली होती. आता खरं बोललो तर प्रमिला गेली. नाही बोललो तर निदान संध्याकाळपर्यंत तरी आहे. मी चूप बसलो.

भरीत-पुरी झाली. मामा ढेकर देत उठले. "मंग सकाय रावेरले जाईसन देखी लेवूत," म्हणाले आणि चित्र खिळ्यावरून उतरवून काखेत मारलं.

"मामा, ते कशाला?" माझा आवाज चिरकला.

"ताडीसन देखाले! बांध, झाडं, पाणी, बठ्ठं जागवर शे का नही!"

नात्यातल्या एकांकडे त्यांचा मुक्काम होता. निघताना प्रमिला दारात थांबली. "बरंच शिकलात तुम्ही," ती म्हणाली. पुन्हा तेच ओठांतलं हसणं. "उद्या मीही येणार आहे रावेरला."

त्यांची पाठ वळताच मी आणि नाना लीलाधरकडे पळालो. लीलाधर माझ्याच बँकेत, बाजूच्या टेबलावर. त्याची रावेरला केळी. सगळं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"अरे मगन, माह्या वावरात हे नाटक कायले?"

"लीलाधर, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे! मला फक्त अग्रभागी पाणी, मध्यभागी पिवळा रंग आणि बाजूला उभ्या रेषा पाहिजेत."

"नीट मराठीत सांग ना!"

सांगितलं. तो म्हणाला, "निलगिरी बांधावर हायेच. कडबा रचून ठेवतो. मोटार चालू करून पुढच्या सऱ्यांमधी पानी सोडतो. डोंगर देवानं आधीच लावेल हायेत. पन एक ऐक. मी खोटं बोलनार नाई. मी तोंडच उघडनार नाई!"

रविवारी एस.टी.त मामा पुढच्या बाकावर, मांडीवर ती फ्रेम उभी धरून, देवाची तसबीर धरावी तशी. वाटेत चढलेल्या एका म्हातारीनं तिला हात जोडले आणि गाडी सुरू व्हायच्या आत दर्शन घेतलं. मामांनी तिला अभिमानानं सांगितलं, "देव नही शे माय, पाव्हनानं वावर शे!" झालं! फ्रेम हातोहात सगळ्या गाडीत फिरली. एकानं कडब्याचा भाव विचारला. एकानं सल्ला दिला की पाणी एवढं आहे तर ऊस लावा. कंडक्टर म्हणाला, "फोटोग्राफर बदला भाऊ." मी खिडकीबाहेर बघत बसलो. मागच्या बाकावर प्रमिला आईशेजारी बसली होती आणि रुमालात तोंड घालून खोकत होती. निदान मला तेव्हा तो खोकला वाटला.

रावेरला उतरलो, लीलाधरच्या मळ्यात पोचलो, आणि मी थक्क झालो! पठ्ठ्यानं कमाल केली होती. पुढे सऱ्यांमध्ये पाणी चमकत होतं. मध्ये कडब्याची पिवळी गंजी. बांधावर निलगिरीची रांग. एका अंगाला केळीची हिरवीगार बाग, आणि या सगळ्याच्या मागे निळा, थोडा जांभळा सातपुडा. क्षणभर मी खोटं, नाना, मामा, सगळं विसरलो. अग्रभाग, मध्यभाग, पार्श्वभाग! काय सुंदर दिसत होतं ते! इतकी वर्षं रावेरला येतजात होतो, पण सातपुडा असा कधी पाहिला नव्हता. लीलाधर कोपऱ्यात झाडासारखा उभा होता. मामांनी त्याला गडी समजून पाणी मागितलं. आपल्याच मळ्यात त्यानं मुकाट्यानं तांब्या आणून दिला.

मामांनी फ्रेम दोन्ही हातांनी समोर धरली. एकदा तिच्याकडे, एकदा शेताकडे.

"पाणी शे... गंजी शे... पन काहीतरी जमत नही."

"मामा, तुम्ही फार जवळ उभे आहात!" माझ्यातला विद्यार्थी जागा झाला. "असं चित्र लांबून बघायचं असतं. मागे सरा."

मामा मागे सरले.

"अजून मागे. सगळं एकत्र दिसलं पाहिजे."

मामा अजून सरले. "हा, आते दखास बरं!"

"अजून थोडं—"

मामांच्या मागे बागेला पाणी नेणारा पाट होता. लीलाधरला तो ठाऊक होता, पण त्यानं तोंड न उघडण्याची शपथ घेतलेली! धपकन आवाज झाला. मामा पाटात बसले, कमरेइतक्या पाण्यात, आणि दोन्ही हात वर, हातांत फ्रेम! मग हातही गेले आणि फ्रेम चिखलात आपटली.

आम्ही सगळे धावलो. नाना एका हाताला, मी दुसऱ्या हाताला, सुंदरबाई वरून "भाऊ रे, मन्हा भाऊ रे" करत. मामा वर आले ते मिश्यांतून चिखल गाळत. मला वाटलं, संपलं! आता हा माणूस मला याच पाटात पुरणार. पण मामांचा चेहरा फुललेला होता.

"पाणी शे!" ते ओरडले. "खरंच शे! कमरइतलं शे! अभिमनभाऊ, माले बठ्ठं पटनं! सुपारी फोडा!"

नानांनी खिशात हात घातला. सुपारी ते घरूनच घेऊन निघाले होते.

"मामा, जरा थांब," प्रमिला म्हणाली.

तिनं चिखलातली फ्रेम उचलली, पदरानं पुसली आणि माझ्यासमोर धरली. शाळेत तोंडी परीक्षा घेतात ना, अगदी त्या आवाजात विचारलं, "या चित्रात सावल्या कुठे पडल्या आहेत?"

आता वाचकहो, तुम्हीच सांगा. आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर येत असलेला प्रश्न विचारला गेला होता! मी छाती पुढे काढली.

"आपल्याकडे!"

"का?"

"कारण प्रकाश डोंगरांच्या मागून येतो!"

"छान. हा डोंगर कुठल्या दिशेला आहे?"

"उत्तरेला!" मी बोलून गेलो. मागून नानांचा कपाळावर हात मारल्याचा आवाज आला, पण तोवर उशीर झाला होता.

"मामा," प्रमिला म्हणाली, "तुझी सावली बघ."

मामांनी बघितलं. ऊन आमच्या पाठीवर होतं. मामांची चिखलानं ठिबकणारी सावली सरळ सातपुड्याकडे पडली होती. मामांनी सावलीकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं. कपाशीत जन्म गेलेला माणूस तो. त्याला दिशा काय शिकवायची!

"उत्तरले सूर्य कोठे उगस रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"उन्हायामा जरासा..." नाना पुटपुटले, पण स्वतःलाच न पटून मध्येच थांबले.

तिच्या तोंडाकडे बघून मला आणखी खोटं सुचेना. "मामा, हे आमचं शेत नाही," मी म्हणालो. "हे या लीलाधरचं आहे. आणि चित्रातलं शेत लीलाधरचंही नाही. ते फ्रान्समधल्या एका चित्रकारानं काढलंय. आमचं वावर पारोळ्याला आहे, त्यात नुसते दगड आहेत. चुकलं माझं."

"मी तर काईच बोललो नाई!" लीलाधर कोपऱ्यातून पहिल्यांदा बोलला.

मामा लाल झाले. आता फुटणार म्हणून आम्ही सगळे दोन पावलं मागे, पाट सांभाळून. मामा मला म्हणाले, "तो फ्रान्सवाला तुमना कोन लागस?"

"कोणी नाही."

"सोयरा नही? वळखना नही?"

"नाही."

"मंग त्यानं वावर तुमना घरमा कसाले?"



"अभिमनभाऊ," मामा नानांकडे वळले, "खोटं तर सोयरिकमा बठ्ठाच बोलतस. मी बी बोलनू. पोरगीले सैपाक येस म्हनीसन सांगं, तिले चहा बी करता येत नही. त्यानं काही नही. पन दुसरानं वावर आपली भितवर? असा येडा पोऱ्याले मी पोरगी देऊ?"

"मी देते ना," प्रमिला म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मामा, मला कालच कळलं होतं. स्वयंपाकघरात यांचं सगळं ऐकू आलं. दहा घरं पलीकडेही गेलं असेल. सावल्या आपल्याकडे, प्रकाश मागून, अगदी बरोबर बघितलं होतं यांनी. आज मी आले ते फक्त हे कुठवर जातात ते बघायला." मग ती माझ्याकडे वळली. "आता 'सावल्या उजवीकडे' असं एक खोटं बोलला असता तर सुपारी फुटली असती. पण तुम्हाला बरोबर उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. मला असा माणूस पाहिजे."

मला काहीतरी मोठं, शोभेसं बोलायचं होतं. डोळ्यांत पाणी होतं. तोंडातून निघालं ते एवढंच: "सावली जांभळी असते."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि हसली. या वेळी पुरतं.

मामा आख्खा महिनाभर रुसले. मग एका अटीवर तयार झाले: ते परक्याचं वावर भिंतीवरून उतरवायचं. उतरवलं. फ्रेम पोटमाळ्यावर गेली आणि लग्न झालं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामा प्रमिलाला माहेरी न्यायला आले. काखेत एक मोठी गुंडाळी. सोडली तर आत त्यांच्या स्वतःच्या कपाशीच्या शेताचा फोटो, मोठा केलेला. पुढे ट्रॅक्टर, मध्ये मामा, मागे कपाशी. आणि काय सांगू! फोटोग्राफरचा हात असा हललेला की बोंडं म्हणजे नुसते पांढरे ठिपके, ट्रॅक्टर म्हणजे लाल फराटा, आणि मामांची मिशी क्षितिजरेषेत मिसळलेली!

"मामा, फोटो हललाय," मी भीत भीत म्हणालो.

"हालू दे. आपलं शे!" मामा म्हणाले. "ती पोटमायावरनी फ्रेम आन."

मी फ्रेम काढून दिली. मामांनी फ्रान्सचं शेत बाहेर ओढलं. प्रमिलानं ते जपून घेतलं आणि कपाटाच्या दाराला आतून लावलं. मामांनी आपलं वावर त्या फ्रेममध्ये बसवलं, जुन्याच खिळ्यावर टांगलं, आणि चक्क ओट्यावरून गटारात उतरून लांबून बघितलं!

"मामा, नवी फ्रेम आणायची ना," प्रमिला म्हणाली. "त्या चित्रातलं तुला काहीच आवडलं नव्हतं, मग हीच कशाला?"

"काही आवडनं नही कसं? पाटमा पडनी, चिखलमा पडनी, काच बी फुटनी नही." मामांनी मिशीवरून हात फिरवला. "फ्रेम मजबूत शे!"

"वा, मामा!" प्रमिलानं टाळी वाजवली आणि कौतुकानं माझ्याकडे वळली. "बघा! आमच्या मामाला न शिकता चित्रातलं कळतं!"

धुळ्याला मी दुसरं काय म्हणालो होतो?